भागाकार

मोजणीच्या हॉलमध्ये मोबाइल नेता येत नाही, हे मी घरी दहादा सांगून ठेवलं होतं. तरी ४ जून २०२४ ला संध्याकाळी बुलढाण्याच्या मतमोजणी केंद्राबाहेर येऊन फोन चालू केला, तर धाकट्या दिराचे अकरा मिस कॉल. सासूबाईंना काही झालं की काय म्हणून घाईघाईनं फोन लावला. पलीकडून एकच सवाल, “वहिनी, किती झाले?” म्हणजे मतं.

मतदानाच्या ड्युट्या मी ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत सगळ्या केल्या. पेट्या डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरमध्ये बसले आहे, शाळेच्या फरशीवर झोपले आहे, मध्यरात्री साहित्य जमा करायच्या रांगेत उभी राहिले आहे. मोजणी मात्र पहिलीच, आणि शेवटचीही. पुढच्या मे महिन्यात मी निवृत्त झाले.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना थोडं सांगते. पहाटे पाचच्या सुमारास टेबलं वाटून मिळतात, म्हणजे कोण कुठे बसणार ते आधी कुणालाच ठाऊक नसतं. एका हॉलमध्ये साधारण चौदा टेबलं. टेबलावर एक पर्यवेक्षक, एक सहायक (ती मी) आणि एक सूक्ष्म निरीक्षक. जाळीपलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी कागद-पेन घेऊन बसलेले, त्यांच्या नजरा आमच्या बोटांवर. मतदान यंत्राचं कंट्रोल युनिट आलं की आधी त्याचा क्रमांक १७-सी च्या, म्हणजे केंद्रावरच्या मतांच्या हिशेबाच्या, नमुन्याशी ताडायचा, सील आणि हिरवी कागदी पट्टी शाबूत आहे हे जाळीपलीकडच्यांना दाखवायचं, मग निकालाचं बटन दाबायचं. पडद्यावर एकेका उमेदवाराचा आकडा येतो, थोडा वेळ थांबतो, जातो. पर्यवेक्षक वाचतात, मी लिहिते. शेवटी बेरीज. ती बेरीज मतदानाच्या संध्याकाळी केंद्राध्यक्षानं लिहून दिलेल्या आकड्याशी जुळली पाहिजे.

माझ्या टेबलावर दिवसभरात एकही बेरीज चुकली नाही. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलेल्या बाईला याचा किती आनंद होतो, ते दुसऱ्या गणिताच्या बाईलाच कळेल. आमच्या टेबलावरचे आकडे इथे सांगणार नाही. गुप्ततेच्या कागदावर सही केली आहे, आणि निवृत्तीनं ती पुसली जात नाही. मी स्वतः कुणाला मत दिलं तेही नाही, ते यजमानांनाही माहीत नाही.

पण जाहीर झालेला निकाल सगळ्यांसमोर आहे. प्रतापराव जाधव यांना सुमारे ३ लाख ५० हजार मतं, नरेंद्र खेडेकर यांना ३ लाख २० हजार, आणि अपक्ष उभ्या असलेल्या रविकांत तुपकरांना जवळपास अडीच लाख. त्याखाली वंचितच्या आणि इतरांच्या मतांचे ढीग. एकूण मतदान अकरा लाखांच्या घरात. शेजारच्या अकोल्यात तीच गत. अनुप धोत्रे ४ लाख ५७ हजार, अभय पाटील ४ लाख १६ हजार, प्रकाश आंबेडकर २ लाख ७७ हजार. निवडून आलेल्यांचा यात काही दोष नाही. नियम असा आहे की ज्याला सगळ्यांत जास्त तो खासदार, आणि ते नियमानं जिंकले.

रात्री साडेदहाला घाटावरच्या आमच्या गावी पोचले तेव्हा भाऊजी ओट्यावर बसले होते. घरात मागच्या हंगामाचं सोयाबीन पोत्यांत पडून, कारण हमीभाव ४६०० आणि बाजारात त्याच्याही खाली. त्यांनी मत कुणाला दिलं ते त्यांनी गावभर सांगितलेलं होतं, त्यामुळे माझ्याकडून काही फुटायचा प्रश्न नव्हता. त्यांचा माणूस तिसरा आला होता. डाव्या तर्जनीच्या नखाच्या टोकाशी २६ एप्रिलची शाई अजून दिसत होती. ते बोट माझ्यापुढे धरून म्हणाले, “तुम्ही मोजले न मतं? मंग माह्यं कुठी गेलं?”

“मोजलं गेलं भाऊजी. आकड्यात आहे.”

“आकड्यात हाये ते खरं. पन दिल्लीत कुठी हाये?”

दिल्लीत कुठेच नव्हतं. त्यांचं नव्हतं, दुसऱ्या क्रमांकाच्या ३ लाख २० हजारांचंही नव्हतं. पडलेल्या तीन मतांतली दोन मतं अशी होती की ती पडली नसती तरी आमच्या जिल्ह्यातून तोच माणूस गेला असता. हे मी त्यांना समजावून सांगितलं. भाऊजी गप्प ऐकत होते. मग “म्हंजे धुऱ्यावर पेरलं म्हना न,” म्हणाले आणि जेवायला उठले. धुरा म्हणजे शेताचा बांध.

मला काही झोप आली नाही. बेरीज शंभर टक्के जुळली होती आणि तरी हिशेब लागत नव्हता, असं गणितात होत नाही. उठून मुलीच्या जुन्या वहीत आकडे मांडत बसले. २०१४ च्या लोकसभेत बहुजन समाज पक्षाला देशभरात ४ टक्क्यांहून थोडी जास्त मतं होती, जागा शून्य. त्याच निवडणुकीत तृणमूल काँग्रेसला ३.८ टक्के मतं आणि ३४ जागा, अण्णा द्रमुकला ३.३ टक्के आणि ३७ जागा. मतं कमी, जागा सदतीस! कारण एकच. त्यांची मतं एका राज्यात दाटीनं होती, बसपची देशभर विखुरलेली. भाजपला त्या वर्षी ३१ टक्के मतांवर २८२ जागा मिळाल्या, म्हणजे ५४३ च्या निम्म्याहून जास्त. त्याआधी १९८४ मध्ये त्याच भाजपला ७ टक्क्यांच्या वर मतं असून जागा फक्त दोन होत्या. म्हणजे ही पद्धत कुण्या एकाची सोयरी नाही. ती कधी याच्या घरी जेवते, कधी त्याच्या.

महाराष्ट्रात तर एकाच वर्षात दोन्ही बाजूंना त्याचा प्रत्यय आला. जूनमध्ये दोन्ही आघाड्यांना साधारण ४३-४४ टक्के मतं, आणि जागा महाविकास आघाडीला ३०, महायुतीला १७. नोव्हेंबरच्या विधानसभेत महायुतीतल्या तीन मोठ्या पक्षांना मिळून सुमारे ४८ टक्के मतं आणि २८८ पैकी २३० जागा. जूनमध्ये जे खूश होते ते नोव्हेंबरात यंत्राला शिव्या देत होते. मी यंत्र उघडून वाचलेलं आहे, म्हणून मला वाटतं, बोट दुसरीकडे दाखवायला हवं. मोजणी नव्हे, मोजल्यानंतर जे करायचं असतं ते आपण करतच नाही.

विखुरलेली मतं हा शब्द त्या रात्री डोक्यात बसला. आमच्याकडचा कापूस-सोयाबीनवाला शेतकरी तसाच आहे. बुलढाण्यापासून चंद्रपूरपर्यंत विदर्भाच्या बहुतेक मतदारसंघांत तो आहे. सगळीकडे आहे, म्हणून कुठेच एकटा निवडून आणू शकत नाही.

पुढे जून महिनाभर मी वाचत होते. विदर्भात त्या वर्षी शाळा १ जुलैला भरल्या, उन्हामुळे. तेवढा वेळ मिळाला. संविधान सभेतल्या चर्चा आता फोनवर वाचता येतात. ४ जानेवारी १९४९ ची चर्चा काढली, आणि चकित झाले. लोकसभेसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे जितकी मतं त्या प्रमाणात जागा, ठेवा अशी दुरुस्ती मांडणारे काझी सय्यद करीमुद्दीन आपल्याच मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य होते. बाबासाहेबांनी ती नाकारली. त्यांची दोन कारणं होती. एक, मतदाराला पसंतीक्रमाचे अंक तरी लिहिता यायला हवेत, आणि देश निरक्षर आहे. दोन, सभागृहात फार गट झाले तर सरकार टिकणार नाही, आणि नव्या देशाला आधी टिकणारं सरकार हवं.

पहिल्या कारणाबद्दल माझ्यासारखीनं काही बोलायला हरकत नाही. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता १८ टक्के होती. माझी आजी त्या उरलेल्या ८२ मध्ये. माझ्या शाळेतला तिसरीतला पोरगा आज एक-दोन-तीन लिहितो. मी स्वतः जानेवारी २०२३ मध्ये अमरावती विभाग पदवीधर मतदारसंघात पसंतीक्रम लिहून आले, आयोगानं दिलेल्या जांभळ्या पेनानं. तिथे जागा एकच असते, म्हणून त्याला प्रमाणशीर म्हणता येत नाही, पण अंक लिहिण्याची सवय ती हीच. आणि राज्यसभा तर आपण पहिल्यापासून प्रमाणशीर पद्धतीनंच निवडतो, एकल संक्रमणीय मतानं, म्हणजे पसंतीक्रम लिहून. आमदारांना जमतं, ते मतदारांना का जमू नये? शिवाय यादीची पद्धत घेतली, म्हणजे मत पक्षाला आणि माणसं त्याच्या यादीतून, तर अंकही लागत नाहीत, आजच्यासारखंच चिन्हासमोरचं बटन.

दुसरं कारण मात्र वजनदार आहे. त्यावर वाचून मला उत्तर सापडेना. म्हणून मी ते माझ्या शाळेत करून बघायचं ठरवलं. हसू नका.

जिल्हा परिषदेच्या शाळांत दरवर्षी शालेय मंत्रिमंडळ निवडतात. मुख्यमंत्री, शिक्षणमंत्री, आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री, क्रीडामंत्री, पर्यावरणमंत्री, पोषण आहार मंत्री. मतदार तिसरी ते सातवीची पोरं. आमच्या शाळेत तीन ठिकाणची पोरं येतात: गावठाणातली, दोन किलोमीटरवरच्या तांड्यावरची आणि नव्या वस्तीतली. २०२३ मध्ये मीच निवडणूक घेतली होती, प्रत्येक पदाला वेगळं मतदान, नेहमीसारखं. गावठाणाची पोरं ४४, तांड्याची ३०, नव्या वस्तीची २२. सात पदांचे आकडे थोडे इकडेतिकडे झाले, पण निकाल सातही वेळा एकच. मी फोटो काढून केंद्राच्या ग्रुपवर टाकला, केंद्रप्रमुखांनी अंगठा दिला. त्या फोटोत सात पोरं होती, सातही गावठाणातली, आणि त्यांतले सहा मुलगे. हे मला दिसायला एक वर्ष आणि एक लोकसभा लागली.

जुलै २०२४ ला नियम बदलला. वेगवेगळ्या पदांना मतदान नाही. पॅनल करायचं, पॅनलनं आपल्या उमेदवारांची नावं क्रमानं लिहून द्यायची, चिन्ह घ्यायचं, आणि मत पॅनलला. पॅनल हा शब्द पोरांना समजवावा लागला नाही, ग्रामपंचायतीची निवडणूक त्यांनी घरात बघितलेली असते. किती जागा कुणाला, ते भागाकारानं ठरेल, एवढं सांगितलं. सातवीला नाहीतरी दशांश अपूर्णांकाचा भागाकार होताच.

दोन दिवसांत तीन पॅनल आली. गावठाणाचं पतंग. तांडा आणि नव्या वस्तीतल्या काही पोरांनी मिळून बैलजोडी. सहावीतला एक पोरगा एकटाच, चिन्ह भोवरा, मागणी एक: रोज शेवटचा तास खेळाचा.

चौथं पॅनल शेवटच्या दिवशी आलं. सहावी-सातवीच्या पाच मुली. दोघी गावठाणाच्या, दोघी तांड्यावरच्या, एक नव्या वस्तीतली. चिन्ह विचारलं तर एकमेकींकडे बघून हसल्या आणि मोठीनं फळ्यावर काढून दाखवलं. दाराची कडी. आमच्या शाळेत मुलींच्या संडासाची आतली कडी तुटलेली होती. एक आत गेली की दुसरीनं बाहेर दार धरून उभं राहायचं. किती दिवसांपासून, विचारलं. “मागच्या दिवाळीपासून, मॅडम.” म्हणजे मी ज्या मंत्रिमंडळाचा फोटो टाकला होता त्याच्या बहुतेक कारकिर्दीत. आरोग्यमंत्र्याला ती कडी कधी लागलीच नव्हती. आणि मलाही नाही, शिक्षिकांची खोली वेगळी.

मागच्या वर्षी या मुली उभ्या राहिल्या असत्या तर? गावठाणाच्या मुलीनं गावठाणाला मत दिलं असतं, तांड्याच्या मुलीनं तांड्याला. कडीचा प्रश्न तिन्ही वस्त्यांत विखुरलेला होता. भाऊजींच्या सोयाबीनसारखा.

मतदान झालं. चिठ्ठ्या, पुठ्ठ्याचं खोकं, मार्करची शाई. ९७ पोरांनी मत दिलं, एका चिठ्ठीवर दोन चिन्हांवर खुणा होत्या, ती बाद. पतंग ४१, बैलजोडी २७, कडी २१, भोवरा ७. बेरीज ९६. जुळली.

आता भागाकार. बेल्जियमच्या व्हिक्टर डी'हाँट यांनी १८७८ मध्ये मांडलेली ही रीत आहे आणि ती अनेक देशांत वापरतात, पण पोरांना मी खिचडीच्या रांगेचं उदाहरण दिलं. एकदा वाढून घेतलं की लगेच पुन्हा पुढे घुसायचं नाही, मागे जाऊन उभं राहायचं. ज्या पॅनलला एक जागा मिळाली, त्याची मतं पुढच्या वेळी दोननं भागायची. दोन मिळाल्या की मूळ मतं तीननं. फळ्यावर मांडलं. पतंगाखाली ४१, २०.५, १३.६७, १०.२५. बैलजोडीखाली २७, १३.५, ९. कडीखाली २१, १०.५, ७. भोवऱ्याखाली ७. या सगळ्यांतले सात मोठे आकडे शोधून गोल करा म्हटलं. पोरं फळ्यावर तुटून पडली. पतंगाला तीन गोल, बैलजोडीला दोन, कडीला दोन. सातवी जागा साडेदहावर लागली. त्याखालचा पतंगाचा आकडा सव्वादहा. पाव मतानं चौथी जागा गेली, आणि एवढा जीव तोडून केलेला भागाकार मी एकतीस वर्षांत कधी बघितला नव्हता. पतंगवाल्यांनी तीनदा पुन्हा करायला लावला.

भोवऱ्याचा पोरगा शांत उभा होता. सगळे गेल्यावर म्हणाला, “मॅडम, माहे सात कुठी गेले?” तोच प्रश्न, आणि या वेळी पद्धत माझी होती. सात जागा असतील तर आठव्या हिश्शाच्या वर, म्हणजे बाराच्या वर मतं असली की जागा नक्की, असं मी त्याला सांगितलं. त्यानं मान हलवली. त्याचं समाधान झालं असं मला वाटत नाही.

खरी परीक्षा पुढे होती. मुख्यमंत्री व्हायला सातातले चार हवेत, आणि चार कुणाकडेच नव्हते. पतंगवाले म्हणाले, आमची मतं सगळ्यांत जास्त, मुख्यमंत्री आमचाच. बैलजोडीनं कडीला निरोप पाठवला, तुमची मोठी मुख्यमंत्री, आम्ही पाठिंबा देतो. आठ दिवस हे चाललं. मधल्या सुट्टीत लिंबाखाली बैठका. कचऱ्याची पाळी कुणाची ते ठरेना, परिपाठ मलाच घ्यावा लागला. मुख्याध्यापक सर वैतागले. “मॅडम, आधीचं बरं होतं. एका दिवसात उरकत होतं.” त्यांचं खरं होतं. बाबासाहेबांचं दुसरं कारण आमच्या पटांगणात उभं होतं.

नवव्या दिवशी कडी पतंगाबरोबर गेली. मुख्यमंत्रिपद सोडून. मला आश्चर्य वाटलं, मोठीला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, “मॅडम, त्याच्या काकाचं हार्डवेअरचं दुकान हाये.” तीन दिवसांत कडी लागली. नवी, स्टीलची, चार स्क्रूची. आरोग्यमंत्री तीच झाली. बैलजोडीच्या दोघांनी विरोधी बाजू धरली आणि शनिवारच्या सभेत दर आठवड्याला एकच विषय लावून धरला. तांड्यावरून चालत येणाऱ्यांना पावसात उशीर होतो, तर त्यांची खिचडी रांगेच्या शेवटी का? महिनाभरात तेही बदललं. हे सगळं वर्षभर टिकलं. मध्ये एकदा फुटायला आलं होतं, स्नेहसंमेलनात निवेदन कुणी करायचं यावरून, पण टिकलं.

गावातले एक वजनदार पालक शाळेत आले होते, तेही सांगते. “पहिला नंबर आमच्या पोट्ट्याचा, अन् अर्ध्यापेक्षा जास्त मंत्री दुसऱ्याईचे कायले?” मी त्यांना हिशेब दाखवला. ९६ पैकी ४१, म्हणजे शंभरात ४३. सातातले तीन, म्हणजेही शंभरात ४३. मागच्या वर्षी ४६ टक्क्यांवर शंभर टक्के मिळाले होते, तेव्हा कुणी विचारायला आलं नव्हतं. ते म्हणाले, “शेकडेवारी वर्गात ठेवा मॅडम.”

शाळा म्हणजे देश नाही, हे मला कळतं. सात पोरांची युती नऊ दिवसांत होते, दिल्लीत आमदार-खासदारांचे रिसॉर्ट असतात. पण एकट्या पक्षाला बहुमत देण्यासाठी म्हणून ही पद्धत ठेवली, आणि १९८९ पासून २००९ पर्यंतच्या निवडणुकांत ते एकदाही कुणाला मिळालं नाही. २०२४ लाही नाही. म्हणजे युत्या आहेतच. मग मतांची नासाडी तरी कशासाठी सोसायची?

भाऊजींना शाळेची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी नेमकं दुखतं तिथे बोट ठेवलं. “मंग आपला खासदार कोन? तहसीलीत काम अडलं तर फोन कोनाले लावाचा?” यादीच्या पद्धतीत हा खरा तोटा आहे. माझा म्हणावा असा एक माणूस राहत नाही, आणि यादीत वर कोण, खाली कोण, ते पक्षाचे मुंबई-दिल्लीतले लोक ठरवणार. आजही तिकीट तेच ठरवतात हे खरं, पण निदान तोंड तरी दिसतं. जर्मनीत यावर दोन मतांचा तोडगा आहे, एक आपल्या भागातल्या उमेदवाराला, एक पक्षाच्या यादीला, आणि ५ टक्क्यांच्या खालच्यांना सहसा यादीतून प्रवेश नाही. न्यूझीलंडची गोष्ट मला जास्त जवळची वाटली, कारण ते आपल्यासारखेच इंग्रजांच्या पद्धतीत वाढले. १९७८ आणि १९८१ या दोन्ही वेळा तिथे जास्त मतांचा पक्ष विरोधात बसला आणि कमी मतांचा सत्तेवर. शेवटी १९९३ मध्ये लोकांनी सार्वमतानं पद्धत बदलली आणि १९९६ पासून दोन मतांनी निवडणूक होते. शेजारी नेपाळमध्ये २७५ पैकी ११० जागा प्रमाणशीर आहेत. आपल्याकडेही विधी आयोगानं १९९९ च्या १७० व्या अहवालात काही जागा यादीनं भरायची शिफारस केली होती. अहवाल कपाटात आहे.

मला स्वतःला याहून साधं काहीतरी हवं आहे. एका मतदारसंघातून एकापेक्षा जास्त खासदार. हे काही परदेशी नाही. १९५१-५२ आणि १९५७ मध्ये आपल्याकडे दोन खासदारांचे मतदारसंघ होते, १९६१ च्या कायद्यानं ते बंद झाले. आता असं धरा, २६ एप्रिलला एकाच दिवशी मतदान झालेले विदर्भातले पाच, बुलढाणा, अकोला, अमरावती, वर्धा, यवतमाळ-वाशीम, यांचा एकच मतदारसंघ आणि खासदार पाच. प्रत्येकी अकरा-बारा लाख मतं पडतात, म्हणजे सगळी मिळून सत्तावन्न लाखांच्या आसपास. सहाव्या हिश्शाच्या वर, साडेनऊ-दहा लाख मतं जो गोळा करील त्याची एक जागा पक्की.

भाऊजी लगेच म्हणाले, “आमच्याचे तं अडीचच लाख होते.” बरोबर. ती पुरली नसतीच. अपक्षाला अशा पद्धतीत एकट्यानं चालत नाही, त्याला वर्ध्याकडच्या आर्वीच्या कापूसवाल्याकडे आणि यवतमाळकडच्या दिग्रसच्या सोयाबीनवाल्याकडे जाऊन मत मागावं लागेल, दुसऱ्यांना यादीत घ्यावं लागेल. पण आज त्याला तिथे जाण्याचं कारणच नाही. जिल्ह्याची हद्द ओलांडली की त्याचं मत तिथे धुऱ्यापलीकडे पडतं. अकोल्यातल्या तिसऱ्या क्रमांकाची गोष्टही हीच.

“मंग धुरा काढा लागते,” भाऊजी म्हणाले. सोयाबीन त्यांनी शेवटी जुलैत विकलं, पेरणीचे पैसे उभे करायला. भाव विचारू नका.

मी ३१ मे २०२५ ला निवृत्त झाले. यंदा जुलैत पेन्शनच्या कागदावर सही घ्यायला शाळेत गेले तर योगायोगानं मंत्रिमंडळाचीच निवडणूक चालू होती. माझ्या जागी आलेले सर तरुण आहेत, हुशार आहेत, मोबाइलवरच्या ॲपमधून मतदान घेत होते, बटन दाबलं की यंत्रासारखा आवाज येतो. प्रत्येक पदाला वेगळं मतदान. दहा मिनिटांत सातही निकाल फळ्यावर. पोरं टाळ्या वाजवत उठायला लागली. मागच्या बाकावरचा तांड्यावरचा एक पोरगा मात्र वही उघडून बसून होता. फळ्यावरचे आकडे त्यानं उतरवून घेतले होते आणि खाली रेघा मारून ठेवल्या होत्या.

“सर,” तो म्हणाला, “भागाकार राह्यला न अजून.”